नवमीची तपासणी

नलूबायला मी ओळखत होतो असं म्हणायला मला संकोच वाटतो. बंदरवाडीच्या कोळीवाड्यात मी एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलं. त्या सगळ्या वर्षांत ती खिडकीच्या पलीकडे आणि मी अलीकडे, एवढीच आमची ओळख. तिचं माहेर कुठलं हे मला ती गेल्यावर कळलं. तिच्या घरी मी दोनदा गेलो असेन, दोन्ही वेळा ओटीवरूनच परत फिरलो. तिला कशाची भीती वाटायची, घरात ती कशावरून हसायची, हे मला सांगता येणार नाही. ते सांगू शकतील अशी माणसं गावात आहेत, पण ती लिहिणारी नाहीत. लिहिणारा मीही नाही. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर 'खुशाल आहे' यापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही.

तरी लिहितोय, कारण गेल्या महिन्यात साक्षी सिस्टरने मला एक छापील पुस्तिका आणून दाखवली. आमच्या उपकेंद्रात कॅन्सरची तपासणी सुरू करणाऱ्या संस्थेने ती काढली आहे. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत. त्यात आमच्या गावावर अर्धं पान आहे. लिहिलंय, 'सातत्यपूर्ण जनजागृतीमुळे बंदरवाडीतील महिलांचे अज्ञान दूर झाले व त्या तपासणीस पुढे आल्या.' मी ते दोनदा वाचलं आणि पुस्तिका सिस्टरला परत दिली. मग आत जाऊन कोरे कागद शोधले. ते वाक्य खोटं आहे. आमच्या बायका झोपलेल्या नव्हत्या, त्यांना कोणी जागं केलं नाही. त्या कामावर होत्या.

नलूबाय सुकी मासळी विकायची, बोंबील, जवळा, सोडे. आठवड्याचे तीन दिवस बोर्ली पंचतनच्या बाजारात, बाकीचे दिवस किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला. अंगाने बारीक, चालणं जलद, आवाज मात्र मोठा. बँकेची चिठ्ठी असो की विजेचं बिल, खिडकीतून कागद आत सारायची आणि म्हणायची, "वाचा, पन पुरता वाचा. खालचा बारीक बी." तिला सही येत होती. वाचताही येत होतं, पण अक्षर अक्षर लावून. तेवढा वेळ तिच्याकडे नसायचा.

तिची धाकटी बहीण गोदू हिला पाच वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. नलूबाय तिला घेऊन मुंबईला चार महिने राहिली आणि एकटीच परत आली. त्यानंतर एकदा पोस्टात आली तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "वाईट झालं." ती म्हणाली, "डाक्टर बोलला, दोन-तीन वरसं आदी दावला असता तर धा मिन्टाचा काम व्हता. मास्तर, धा मिन्टा." तिने दोन्ही हातांची बोटं पसरून मला दाखवली आणि तिकिटं न घेताच निघून गेली.

म्हणून ती संस्था गावात आली तेव्हा आरोग्य समितीत नाव घालायला सर्वांत आधी नलूबाय गेली. मलाही घेतलं होतं, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस सह्यांना बरा पडतो म्हणून. साक्षी सिस्टर आमच्याच उपकेंद्राची. तिला ही तपासणी शिकवून आणली होती. आतून कापसाने एक औषध लावायचं, साध्या व्हिनेगरसारखं, मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं, नाही तर पाच वर्षं निश्चिंत. ना रक्त, ना मोठं यंत्र. तपासणी काही नवी नव्हती. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं करून पाहिलेली, तिने बायका वाचतात हे मोजून सिद्ध झालेलं. सिस्टर पहिल्या सभेत हे सगळं सांगत होती आणि मी जमिनीकडे बघत होतो. सोबत पुरुष-बायका दोघांचीही तोंडं तपासायची होती, तंबाखू आणि मिशरीसाठी.

अट एकच होती. महिन्याला एक, अशी तीन शिबिरं. तिन्ही मिळून पन्नास बायका झाल्या तर तपासणी उपकेंद्रात कायमची. नाही झाल्या तर मार्चअखेर सामान दुसऱ्या गावाला आणि सिस्टरची ड्युटीही आठवड्यातून दोन दिवस तिकडेच.

त्या सभेला नलूबाय नव्हती. सभा सकाळी अकराला होती आणि ती बाजारात होती. संस्थेचे साहेब छापील तक्ता घेऊन आले होते. सगळ्या गावांना एकच नियम, महिन्याचा चौथा मंगळवार, दहा ते एक. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. पहिला चौथा मंगळवार त्रिपुरी पौर्णिमेला येत होता.

इथे थोडं समजावून सांगितलं पाहिजे. आमच्या बोटी वारावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यात मासळी तेव्हाच भरते. बोटी लागल्या की बायकांना मान वर करायला फुरसत नाही. ओला बोंबील चार तास थांबत नाही, तो तेवढ्या वेळात दोरीवर चढला पाहिजे. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी मंद होतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात बोटी किनाऱ्याला असतात आणि बायका जरा मोकळ्या असतात. पोस्टात एकतीस वर्षं मी हेच बघत आलो होतो. उधाणात खिडकी ओस, भांगात रांग.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. त्या तीन चौथ्या मंगळवारांमध्ये चार-चार आठवडे होते, म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि चंद्राचा महिना साडेएकोणतीस. म्हणजे उधाणात सापडलेला मंगळवार पुढले दोन महिनेही उधाणातच राहणार. तिन्ही शिबिरं तशीच जाणार. हे मला सभेत बसल्या बसल्या कळलं होतं.

मी बोललो नाही. साहेबांचा तक्ता छापील होता. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांनी काही विचार केला असेल. मी सही केली.

पहिल्या शिबिराला चार बायका आल्या. त्यांतली एक नलूबाय, हातांना खवले तसेच. दुसऱ्या शिबिराच्या दिवशी चतुर्दशी होती. दोन आल्या. घरोघर फिरून बोलावताना सगळ्या "येव, येव" म्हणाल्या होत्या, सिस्टरला कळेना काय चुकलं. नलूबाय त्या दिवशी दुपारी दोनला आली, किनाऱ्यावरून थेट, तेव्हा संस्थेची माणसं पेट्या बांधत होती. साहेबांनी तिच्यासमोर रजिस्टर ठेवलं. "मावशी, समिती सदस्य म्हणून तुमची सही राहिलीय."

तिने पेन घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "वर काय लिवलाय, मास्तर?"

"शेरा आहे."

"वाचा ना. पुरता."

मी वाचला. "लाभार्थी महिलांमध्ये आजाराबाबत अज्ञान व तपासणीबाबत अनास्था. प्रतिसाद नगण्य."

"अनास्था म्हंजे?"

"म्हणजे, पर्वा नसणं."

तिने पेन खाली ठेवलं. "आनि त्याचे खाली ही सई कुनाची?"

"माझी."

साहेब फोनवर बोलत बाहेर गेले होते. सिस्टर पेटीला दोरी बांधत होती, ती थांबली. नलूबायने आवाज चढवला नाही, ते मला जास्त लागलं.

"आज तित कंची?"

"चतुर्दशी."

"मागले टायमाला?"

"त्रिपुरी."

"तुमाला ठावं व्हता."

"होय."

"मंग बोललाव का न्हाय?"

मी म्हणालो, "तक्ता छापून आला होता."

तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि सही न करताच निघून गेली. दारातून म्हणाली, "गोदू मेली तवा मी किती पर्वा केली ते त्याला सांगाल कवा तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती माझ्या ओटीवर आली. टोपली उतरवून ठेवली. "लिवा."

मी कागद घेतला. 'मा. महोदय, सविनय विनंती की' एवढं लिहून वाचून दाखवलं.

"विनंती कश्याला? खोडा."

"अर्जाची पद्धत असते, नलूबाय."

"गोदू बी लय पद्धतशीर व्हती. तीन वरसं कुनाला बोलली न्हाय."

मी खोडलं. शेवटी अर्ज असा झाला. 'बंदरवाडीतील बायका उधाणात कामावर असतात. शिबीर नवमीला ठेवा. शेरा खोडा.' एवढा छोटा अर्ज मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिने सही केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर दाबून. मग कागद माझ्यापुढे ठेवला.

"तुमी बी करा. तिकडं केलाव, इकडं बी करा."

अर्ज पोस्टाने पाठवू असं मी सुचवलं. ती म्हणाली, "तुमी पोस्टाचे, तुमाला पोस्टावर भरवसा. मला न्हाय." म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने तालुक्याला गेलो. मी खिडकीशी, ती दोन बाकं मागे, ओळखीच्या बायकांशी बोलत. संस्थेचं ऑफिस एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. साहेब माझ्या मुलापेक्षाही लहान असतील. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. चहा मागवला, पंखा लावला.

अर्ज वाचून ते हसले. "मावशी, चौथा मंगळवार सगळीकडे सारखा आहे. टीम ठरलेली असते, गाडी ठरलेली असते. आणि तिथीवर कसं चालेल? हा विज्ञानाचा कार्यक्रम आहे."

"भरती-ओव्हटी तुमचे विज्ञानात न्हाय काय?" नलूबाय म्हणाली.

साहेबांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "मी समजू शकतो. आपण असं करू, शिबिराआधी पथनाट्य पाठवतो. चांगली मुलं आहेत. बायकांना विषय समजला की त्या येतीलच."

"नाटक नको. नवमी द्या."

"नाहीतर पावसाळ्यात, बोटी बंद असतात तेव्हा?"

"मार्चला तुमी पेट्या उचलनार. पावसाळ्यात काय छत्र्या तपासाव्या?"

साहेब माझ्याकडे वळले, शिकलेला माणूस शिकलेल्याकडे वळतो तसे. "आजोबा, तुम्ही तरी सांगा यांना. आमच्या फॉर्ममध्ये तारीख लागते. नवमी कशी टाकू?"

माझ्या खिशात एक कागद होता. आदल्या संध्याकाळी मी तो केला होता, पण बाहेर काढायचा की नाही हे ठरलं नव्हतं. पुढल्या बारा महिन्यांच्या सगळ्या नवम्या, शुद्ध आणि वद्य, आणि प्रत्येकीसमोर इंग्रजी तारीख आणि वार. पोस्टात बटवड्याचा तक्ता करायचो तसा, रेघा पट्टीने मारलेला. मी तो टेबलावर ठेवला. मग अठ्ठावीस दिवस आणि साडेएकोणतीस दिवस हे सांगितलं. मध्ये एकदा मी चुकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी मध्येच तोडलं नाही. कागद हातात घेऊन ते उभे राहिले, खिडकीशी जाऊन कुणालातरी फोन केला. परत आले तेव्हा म्हणाले, "एकदा देतो. पौष वद्य नवमी, म्हणजे तुमच्या तक्त्यातला शुक्रवार. पण पन्नास नाही झाल्या तर माझ्या हातात काही नाही."

"आनि शेरा?" नलूबाय म्हणाली.

"तो नंतर बघू."

"पन्नास झाल्या तर खोडाचा. तुमचेच हातान. सिस्टरसमोर."

"बरं."

"बरं न्हाय. व्हय बोला."

"हो," साहेब म्हणाले.

परतताना एसटीत ती माझ्या बाकावर येऊन बसली. उतरताना म्हणाली, "रेघा चांगल्या मारलाव."

नवमीचा दिवस उजाडला आणि आम्ही दोघांनीही ध्यानात न घेतलेली गोष्ट समोर आली. भांगात बायका मोकळ्या असतात, तसे पुरुषही असतात. आणि भांगात पुरुष काय करतात, तर जाळी शिवतात. सोसायटीची शेड, जिथे ती बसून शिवतात, बरोबर उपकेंद्राच्या दारासमोर आहे. मध्ये फक्त रस्ता. दहा वाजता शेडमध्ये तीस-पस्तीस जण पाय पसरून बसले होते आणि बायका खाली पाण्याच्या टाकीपाशी घोळका करून उभ्या होत्या. पुढे एकही येत नव्हती. त्या दारातून आत जाणारी बाई कशासाठी जाते हे आता गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मनुबाई म्हणजे मासळीवाल्या बायकांतली सगळ्यांत वयस्क, दातांना मिशरी लावल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही अशी. ती टाकीच्या कट्ट्यावर बसून होती. "नलू, तुजी नवमी आयली गो," ती म्हणाली, "आनि आमचे दादले बी आयले."

शेडमधून चंदरने हाक मारली. जाळं शिवण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही, आणि बोलण्यातही. "काय गो नलू, रेशन सुटलाय काय? एवढी गर्दी."

नलूबाय रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिने एकदा टाकीकडे बघितलं, एकदा शेडकडे. मग उपकेंद्रात गेली. मी दाराशीच होतो, मला ऐकू आलं.

"सिस्टर, पुरुषांची तोंडां तपासाची हायत ना?"

"हो, पण ते येतच नाहीत."

"त्ये कश्याला येतील. तुमची ती दुसरी बाय बत्ती घेऊन शेडमदी पाठवा. आनि एक खुर्ची."

खुर्ची तिने स्वतः उचलली. शेडमध्ये नेऊन जाळ्यांच्या मध्ये ठेवली, समुद्राकडे तोंड करून. "उजेड तिकडना येते," ती म्हणाली. "एकेकान बसाचा, तोंड उघडाचा."

"आमचे तोंडात काय हाय?" चंदर म्हणाला.

"तमाकू. आनि फुकटची बडबड."

शेड हसली, पण कोणी उठेना. चंदर सुईत दोरा ओवत राहिला, जणू खुर्ची तिथे नाहीच. नलूबाय मागे वळली आणि तिची नजर माझ्यावर थांबली. मला पळून जावंसं वाटलं.

"मास्तर, तुमी पयले."

"मी तंबाखू खात नाही, नलूबाय."

"मंग भ्याचा काम न्हाय. बसा." आणि मग, जरा हळू आवाजात, "तवा तोंड उघडलाव न्हाय, आता उघडा."

मी जाऊन बसलो. संस्थेची ती मुलगी, दिशा नावाची, बत्ती घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "आजोबा, कवळी काढावी लागेल." पस्तीस माणसांसमोर मी कवळी काढली आणि रुमालात धरली. बायकोशिवाय मला तसं कोणी पाहिलेलं नव्हतं. शेडमध्ये जे हसू फुटलं ते मी कधी विसरणार नाही. चंदर तर जाळ्यावर आडवा झाला. मी तोंड उघडलं आणि समुद्राकडे बघत राहिलो. ओहोटी होती. पाणी अगदी शांत होतं.

"झालं. चांगलं आहे," दिशा म्हणाली.

"आता चंदर," नलूबाय म्हणाली. "मास्तरांना हासलास ना. त्येंनी बोळका दावला, तुजे बत्तीस हायत. ये."

हसून झाल्यावर न उठणं त्याला जमलं नाही. तो बसला, आणि त्याच्या तोंडात काय दिसतं ते बघायला बाकीचे खुर्चीभोवती आले. एक उठला की दुसरा त्याला ढकलायचा, "जा, तुजे तोंडाचा वास तरी समजूं दे तिला." सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती. उजेड तिकडूनच येत होता.

मी शेडच्या खांबाला टेकून, कवळी रुमालात, तसाच उभा होतो. मागे रस्त्यावर पावलं वाजत होती. बांगड्याही. मी मान वळवली नाही. शेडमधल्या कोणीच वळवली नाही, आणि आता मला वाटतं, काहींनी ती मुद्दाम वळवली नाही. मनुबाईचा आवाज तेवढा ओळखू आला. "सर ग बाय, मला पयला जांव दे, माजे गुडघे दुकतान."

मी मोजत नव्हतो. दुपारी साक्षी सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं, त्र्याऐंशी. दोन गावांपलीकडून नात्यातल्या बायकाही आल्या होत्या, कारण भांग त्यांच्याकडेही होता.

साहेब तीन वाजता आले. नलूबायने रजिस्टर उघडूनच ठेवलं होतं. त्यांनी पेन काढून शेऱ्यावर एक रेघ मारली.

"अजून वाचता येते," ती म्हणाली. "मास्तरांना विचारा."

साहेबांनी पुन्हा खोडलं, आडवं-उभं, कागद निळा होईस्तोवर. मग तिने पेन माझ्यापुढे धरलं. मला सांगावं लागलं नाही. मी माझी सही खोडली.

कोणाला काय निघालं हे मला ठाऊक नाही आणि मला ते ठाऊक असू नये. एवढंच सांगतो की पाच बायकांना अलिबागला पाठवलं. त्यांतल्या चौघींना डागावर शेक देऊन त्याच दिवशी घरी सोडलं आणि दुसऱ्या उधाणाला त्या किनाऱ्यावर बोंबील चढवत होत्या. पाचवीवर उपचार झाले, ती बरी आहे. पुरुषांपैकी चंदरचं सांगतो, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. गालात पांढरा चट्टा होता. तंबाखू सोडली. दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत बसतो आणि पुढच्याला ढकलतो. मनुबाईची मिशरी अजून सुटलेली नाही. नलूबायने तिला पुष्कळ सुनावलं, काही उपयोग झाला नाही.

उपकेंद्रात तपासणी आता दर महिन्याच्या वद्य नवमीला असते. माझा तक्ता दरवर्षी मी नव्याने करतो, साहेब त्यावर शिक्का मारतात, आणि पुढची तारीख उपकेंद्राच्या फळ्यावर मीच लिहितो. आजूबाजूचे चार कोळीवाडेही त्याच तक्त्यावर चालतात. पुस्तिकेत त्या तक्त्याचा फोटो आहे, खाली लिहिलंय 'स्थानिक नियोजन'. नलूबायचं नाव कुठे नाही. जनजागृती आहे, अज्ञान आहे. साहेबांना मी पत्र लिहिलं आहे. त्यात विनंती हा शब्द नाही. उत्तर आलं नाही तर मी पुन्हा लिहीन, आणि तरी आलं नाही तर एसटीने जाईन. मला तिथे जायची वाट माहीत आहे.

ती यंदा माघात गेली. कॅन्सरने नाही. बोर्लीच्या बाजारात, टोपलीशेजारी बसल्या जागी, छातीत कळ येऊन. तिच्या बाजूला बसणारीने सांगितलं की गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि ती उत्तर देईना, तेव्हा कळलं.

त्याच दिवशी सकाळी, टेम्पो पकडायच्या आधी, ती माझ्या अंगणात थांबली होती. मी कुंड्यांना पाणी घालत होतो.

"मास्तर, फळ्यावर तारीख टाकलाव काय?"

"टाकली. गुरुवार."

"अक्षर मोठा काढा. मनुबाईला दिसत न्हाय."

"काढतो."

"ओटीवर सोडे ठेवलेत. मांजर बगा."

"बघतो," मी म्हणालो.